कामणहून कॉलेज किती लांब?

दोस्तांनो, आज आधी एक गणित.

वसई रोड स्टेशनवरून दिव्याकडे जाणारी गाडी पकडली, की पहिलं स्टेशन लागतं जुचंद्र आणि दुसरं कामण रोड. उलट्या दिशेला, वसई रोडहून चर्चगेट पन्नास किलोमीटरच्या आसपास. तर मग कामणच्या डोंगराकडच्या एखाद्या पाड्यावर राहणाऱ्या मुलीला मुंबईतलं कॉलेज किती लांब?

"हात्तिच्या! साठ-पासष्ट किलोमीटर!" तुम्ही म्हणाल.

उत्तर चुकलं असं मी म्हणणार नाही. पण पैकीच्या पैकी मार्कही देणार नाही. कारण त्या साठ-पासष्ट किलोमीटरांच्या वाटेत अशा बऱ्याच गोष्टी उभ्या आहेत, ज्या नकाशावर दिसत नाहीत. आज त्या एकेक करून बघू या.

आधी कामणची ओळख करून घेऊ. वसई म्हटलं की आपल्याला किल्ला आठवतो, केळीच्या बागा आठवतात, समुद्र आठवतो. ती झाली पश्चिमेकडची वसई. कामण आहे पूर्वेला, डोंगराच्या कुशीत. इकडे तुंगारेश्वरचं जंगल, तिकडे चिंचोटीचा धबधबा आणि वर उंच कामणदुर्ग. चिंचोटीहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात. दुतर्फा गोदामं आणि कारखाने झालेत. पण मोठा रस्ता सोडून जरा आत वळलं, की पाडे लागतात. पाडा म्हणजे मुख्य गावापासून थोडी बाजूला असलेली लहानशी वस्ती.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई तालुका त्यातलाच. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या भागातल्या दर १०० माणसांमागे ३७ माणसं अनुसूचित जमातींची, म्हणजे आदिवासी आहेत. अख्ख्या महाराष्ट्रात हेच प्रमाण १०० मागे ९ च्या जरा वर आहे. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, ठाकूर, धोडिया, दुबळा अशी कितीतरी नावं या जिल्ह्यात ऐकू येतील. वारली चित्रं तर तुम्ही चित्रकलेच्या तासाला काढलीच असतील! गेरूच्या रंगावर पांढऱ्या त्रिकोणांची माणसं, तारप्याभोवती फेर धरलेली. त्या चित्रांना जगभर घेऊन जाणारे जिव्या सोमा मशे याच जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यातले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

चित्रं आपल्या वहीत आली. पण ती चित्रं ज्यांच्या घराच्या भिंतींवर जन्मली, ती मुलं आपल्या वर्गात किती आली?

शाळाच निघाली मुलांकडे

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्या भागातल्या दोघीजणी फार पूर्वीच निघाल्या होत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत ती काही आळशी म्हणून नव्हेत. त्यांना गुरं चारायला जावं लागतं, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन सांभाळावं लागतं. मग या दोघींनी काय करावं? शाळाच उचलली आणि गुरं चरत होती तिथे नेली! तिचं नावही झकास, कुरणशाळा. धाकट्या भावंडांसाठी पाड्यातल्या अंगणातच बालवाडी भरू लागली, ती अंगणवाडी. आज देशभर गावोगावी अंगणवाड्या आहेत.

पुढे १९९० च्या दशकात वसई तालुक्यातल्या 'विधायक संसद' या संस्थेनं असंच केलं. दिवाळी झाली की कित्येक आदिवासी कुटुंबं घराला कडी लावून वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. मुलं अर्थातच त्यांच्याबरोबर. म्हणजे अर्धं वर्ष शाळा बुडाली! भट्टीवर मजूर ज्या झोपडीत राहतात तिला 'भोंगा' म्हणतात. संस्थेनं तिथेच, भट्टीवर, भोंगाशाळा भरवल्या.

बघा हं, दोन्हीकडे युक्ती एकच. मूल शाळेपर्यंत पोचत नाही ना? मग शाळा मुलापर्यंत न्या.

ही युक्ती बालवाडीला चालते, चौथीला चालते. आश्रमशाळांमुळे दहावी-बारावीपर्यंतही कशीबशी वाट निघते. पण पुढे? डॉक्टर व्हायचं तर मोठं रुग्णालय हवं, इंजिनियर व्हायचं तर प्रयोगशाळा हवी. शेतीचं शास्त्र शिकायचं तर कोकणातलं कृषी विद्यापीठ आहे थेट दापोलीला. मेडिकल कॉलेज काही कुरणात नेता येत नाही. इथे मुलालाच निघावं लागतं. आणि म्हणूनच इथे मदतीची रीत बदलावी लागते.

समजा, ती तुम्हीच आहात

समजा, तुम्ही बारावी पास झालात. छान मार्क मिळाले. तुमचं घर कामणच्या डोंगराच्या पायथ्याशी. आई-बाबा दोघंही मजुरीला जातात. तुमच्या घरातलं तुमच्याआधी कुणीही कॉलेजची पायरी चढलेलं नाही. कुठला फॉर्म कधी भरायचा, 'राऊंड' म्हणजे काय, 'हमीपत्र' कशाला म्हणतात, हे विचारायचं तर कुणाला?

पहिला डोंगर कागदांचा. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधारला जोडलेलं बँकेचं खातं. यातलं जात वैधता प्रमाणपत्र म्हणजे मोठीच परीक्षा. दाखला खरा आहे ना, हे तपासणी समिती बघते. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा लाटणाऱ्यांना अडवायचं तर अशी तपासणी हवीच. पण त्यासाठी घराण्याचे जुने पुरावे लागतात. तुमचं कुटुंब ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून इथलंच आहे, हे दाखवावं लागतं. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातली नोंद असेल तर उत्तम! पण आजोबा शाळेत गेलेच नसतील तर? गुरांमागे रानात गेले असतील तर? मग जुनी महसुलाची कागदपत्रं शोधा, नातलगांचे दाखले शोधा. एकेका कागदासाठी हेलपाटे. आणि प्रत्येक हेलपाटा म्हणजे बाबांची एक दिवसाची मजुरी बुडाली.

वसई तालुक्यासाठी आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय आहे डहाणूला. वसई रोडहून सुमारे सत्तर किलोमीटर. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली, तेवढी सोय झाली. तरी कामणहून निघून, गाडी बदलून, काम उरकून परतायचं म्हणजे सगळा दिवस गेलाच. आणि साहेब रजेवर असले, तर उद्या पुन्हा!

दुसरा डोंगर पैशांचा. इथे सरकारी मदत नाही असं मुळीच नाही, बरं का. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. राज्यात आदिवासी विद्यार्थ्यांसाठी चारशेहून अधिक सरकारी वसतिगृहं आहेत. तिथे जागा मिळाली नाही, तर बाहेर खोली घेऊन राहायला पैसे देणारी 'पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना' २०१६ साली सुरू झाली. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी त्यात वर्षाला ६०,००० रुपये ठरले. जेवणासाठी ३२,०००, राहण्यासाठी २०,००० आणि बाकी खर्चासाठी ८,०००.

आता वही काढा आणि भागाकार करा. कॉलेजचं वर्ष दहा महिन्यांचं धरलं, तरी राहण्यासाठी महिन्याला आले २,००० रुपये. मुंबईत २,००० रुपयांत काय मिळेल, घरच्यांना विचारून पाहा. एकटीला खोली तर सोडाच, चौघींत मिळून घेतली तरी मालक अनामत रक्कम आधी मागणार.

आणि खरी मेख पुढेच आहे. ती रकमेत नाही, तारखेत आहे. शिष्यवृत्ती मिळते ती अर्ज भरून, कॉलेजनं तपासून, वरच्या कार्यालयानं मंजूर करून, मग खात्यात जमा होऊन. वसतिगृहाच्या याद्याही पुष्कळदा कॉलेज सुरू झाल्यावर लागतात. पण भूक काही यादी लागेपर्यंत थांबत नाही! खोलीचं भाडं, खानावळ, रेल्वेचा पास, पुस्तकं, जर्नल, डिसेक्शन बॉक्स, सगळं पहिल्याच महिन्यात लागतं. म्हणजे ज्या घरात साठवलेले पैसे नाहीत, त्या घरालाच सगळ्यात आधी पैसे काढावे लागतात. मग कर्ज काढा, नाहीतर दागिना मोडा, नाहीतर पोरीला म्हणा, "राहू दे, बाय. जवळच काहीतरी बघू."

कितीतरी मुली-मुलांचं कॉलेज इथेच संपतं. नापास होऊन नव्हे, सुरुवातीच्या तीन महिन्यांतच.

हे मुलांनी स्वतः ओरडून सांगितलंय. २०१८ साली शासनानं शहरांमधल्या आदिवासी वसतिगृहांची खानावळ बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यात भरायचं ठरवलं. मुलं म्हणाली, "पैसे वेळेवर आले नाहीत तर आम्ही जेवायचं काय?" त्या जुलैत, भर पावसात, ती पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाली. पुणे ते नाशिक म्हणजे दोनशे किलोमीटरहून जास्त! त्यांची मागणी काय होती? आमचं ताट वेळेवर वाढा, एवढीच.

तिसरा डोंगर दिसतच नाही

समजा, कागद जमले. पैसेही आले. तुम्ही मुंबईच्या वर्गात जाऊन बसलात. पहिल्याच तासाला सर भराभर इंग्रजीत शिकवू लागले. आजूबाजूची मुलं मान डोलावतायत. तुमची घरातली भाषा वारली. शाळेत तुम्ही पुस्तकातली मराठी शिकलात, म्हणजे तीच तुमची दुसरी भाषा. इंग्रजी ही तिसरी! तिसऱ्या भाषेत रसायनशास्त्र शिकणारी मुलगी मागे पडली, तर तिला 'ढ' म्हणाल? उलट तिला तीन भाषा येतात, हे आधी मोजायला हवं.

मधल्या सुट्टीत कुणीतरी विचारतं, "तुला किती टक्क्यांना ॲडमिशन मिळाली गं?" वरवर साधा प्रश्न. पण विचारणाऱ्याच्या आवाजावरून कळतं, त्याला काय म्हणायचंय ते. "तुम्हाला काय, फुकट मिळतं!" असं कुणी तोंडावरही म्हणतं.

हे फुकट आहे का, ते तुम्हीच आता सांगा. कागदांचा डोंगर चढून, तीन भाषा ओलांडून, घरातली पहिली म्हणून आलेली मुलगी फुकट आली?

असले टोमणे म्हणजे निव्वळ थट्टा, असं कुणाला वाटत असेल, तर एक दुःखाची गोष्ट सांगायलाच हवी. जळगावहून आलेल्या डॉ. पायल तडवी मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचं पुढचं शिक्षण घेत होत्या. भिल्ल तडवी समाजातल्या या हुशार तरुणीचा २२ मे २०१९ रोजी मृत्यू झाला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून बोलून तिचा छळ केला, असा घरच्यांचा आरोप होता आणि प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायाचं काम न्यायालय करील. आपण एवढं लक्षात ठेवू या, की शब्द लागतात. आणि घरापासून लांब, एकट्या पडलेल्या माणसाला ते जास्तच लागतात.

मदत करायची, पण कशी?

दोस्तांनो, मदतीचेही प्रकार असतात. चुकीची मदत केली तर भलतंच होतं.

कॅनडाची गोष्ट ऐका. तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना 'शिकवण्यासाठी' सरकारनं आणि चर्चनं निवासी शाळा काढल्या. शंभराहून अधिक वर्षांत सुमारे दीड लाख मुलं घरापासून दूर नेली. तिथे त्यांना स्वतःची भाषा बोलायला बंदी होती, बोललं की शिक्षा. केस कापले, नावं बदलली. असंख्य मुलं आजारानं आणि हालअपेष्टांनी दगावली. १९९० च्या दशकात यातल्या शेवटच्या शाळा बंद झाल्या. पुढे नेमलेल्या सत्यशोधन आयोगानं हजारोंच्या साक्षी ऐकून २०१५ साली अहवाल दिला. शिक्षणाच्या नावाखाली तिथे मुलांपासून त्यांची माणसंच हिरावली गेली होती.

आता अमेरिकेतली दुसरी गोष्ट. तिथल्या नवाहो लोकांनी १९६८ साली स्वतःचं कॉलेज काढलं, डिने कॉलेज. तिथे इतर विषयांबरोबर नवाहो भाषा आणि इतिहासही शिकवतात. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांसाठी काउतोकेइनो गावात १९८९ साली उच्च शिक्षणाची संस्था सुरू झाली, तिथे सामी भाषेतून शिकवतात. आपल्याकडे गडचिरोलीत २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं. त्याआधी तिथल्या कॉलेजांचं विद्यापीठ होतं नागपूरला. म्हणजे कॉलेज कुरणात नेता येत नाही, हे मघाचं माझं म्हणणं अगदीच खरं नाही. थोडं जवळ आणता येतं, मनात आणलं तर!

आणि घर सोडून जावंच लागलं, तर काय करावं, हेही महाराष्ट्राला नवं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी केली. कारण त्यांना कळलं होतं, की खेड्यातल्या मुलाला नुसती फी माफ करून भागत नाही, त्याला रात्री पाठ टेकायला जागा लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली आणि 'कमवा आणि शिका' सांगितलं. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला अमेरिकेत शिकायला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्या शिष्यवृत्तीचं देशाला किती व्याज मिळालं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

गेले, शिकले आणि परतले

रांचीजवळच्या टकरा गावचा एक मुंडा आदिवासी मुलगा थेट ऑक्सफर्डला पोचला. नाव जयपाल सिंग. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय हॉकी संघाचा तो कप्तान. भारतानं हॉकीतलं पहिलं सुवर्णपदक मिळवलं ते याच स्पर्धेत. पुढे जयपाल सिंग संविधान सभेत बसले आणि देशातल्या आदिवासींची बाजू त्यांनी ठणकावून मांडली.

आपल्या जवळचं उदाहरण हवंय? डॉ. राजेंद्र भारूड. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं सामोडे हे त्यांचं गाव. भिल्ल कुटुंब. वडील त्यांच्या जन्माआधीच वारलेले. आई मोहाची दारू विकून घर चालवायची. पाचवीनंतर हा मुलगा घरापासून लांब नवोदय विद्यालयात राहायला गेला. तिथे राहणं, जेवण, शिक्षण सगळं होतं. मग मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला, आणि त्यानंतर आयएएस अधिकारी, २०१३ च्या तुकडीचा. 'मी एक स्वप्न पाहिलं' या पुस्तकात त्यांनी हे सगळं लिहिलंय. नंदुरबार या आदिवासी जिल्ह्याचे ते कलेक्टर होते. २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट आली, देशभर ऑक्सिजनसाठी धावपळ उडाली, तेव्हा नंदुरबारनं आधीच ऑक्सिजनचे प्लँट उभारून ठेवले होते.

या गोष्टीत मुलाची जिद्द आहे, आईची तर आहेच आहे. पण जरा नीट बघा. नवोदय विद्यालयातली एक खाटही आहे आणि वेळेवर वाढलेलं ताटही आहे. जिद्द पुष्कळ मुलांकडे असते. खाट आणि ताट मात्र आपण सगळ्यांनी मिळून द्यायचं असतं.

तुम्ही काय कराल?

"आम्ही तर अजून शाळेत आहोत, आम्ही काय करणार?" असं म्हणू नका. तुमच्या हातात असलेल्या गोष्टी सांगतो.

तुमच्या वर्गात, सोसायटीत, ताईदादाच्या कॉलेजात लांबून आलेलं कुणी असेल, तर पहिल्या आठवड्यातच ओळख करून घ्या. पहिल्या आठवड्यातच हं! दिवाळीनंतर नको. कुठली लोकल पकडायची, झेरॉक्स कुठे स्वस्त, लायब्ररीचं कार्ड कसं काढायचं, एवढं सांगितलंत तरी पुष्कळ झालं.

टक्के विचारू नका. गाव विचारा. आणि गाव सांगितलं, की "तिकडे लाईट आहे का?" असं पुढे विचारू नका. तिकडे काय पिकतं, कुठली भाजी रानात मिळते, तारपा कोण वाजवतं, ते विचारा. तुमच्या वहीच्या कव्हरवरचं वारली चित्र तिला दाखवा. ते कुठे चुकलंय, हे कदाचित ती सांगेल!

तिचा एखादा शब्द आपल्याला वेगळा वाटला, तर हसू नका. तो शब्द शिकून घ्या. त्या बदल्यात इंग्रजीचे शब्द द्या. वहीला वही आणि शब्दाला शब्द, फिट्टंफाट.

मोठ्यांना एक गोष्ट सुचवा. सोसायटीत, मंडळात वर्गणी निघतेच. त्यातून थोडी रक्कम जूनसाठी बाजूला ठेवता येईल. शिष्यवृत्ती येईपर्यंतच्या तीन महिन्यांची उसनवारी म्हणून ती द्यायची. शिष्यवृत्ती आली की पैसे परत येतील, आणि पुढच्या जूनला दुसऱ्या मुलीला जातील. ही काही भीक नव्हे, हा पूल आहे. आणि पूल एकदा बांधला की त्यावरून पुष्कळजण जातात. जुनी पुस्तकं द्यायची असतील, तर ती चालू अभ्यासक्रमाची आणि पानं शाबूत असलेली द्या. रद्दी देऊन पुण्य लागत नाही.

कुणाचा छळ होताना दिसला, तर गप्प बसू नका. रॅगिंगविरुद्धची देशभराची हेल्पलाइन आहे १८००-१८०-५५२२. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८. आणि मन फारच खचलं असेल, तर 'टेलि-मानस'चा १४४१६. हे तिन्ही नंबर वहीच्या शेवटच्या पानावर आत्ताच लिहून ठेवा.

आणि तुम्ही स्वतःच पाड्यावरचे असाल तर

हा अंक कामणच्या, उसगावच्या, जव्हारच्या, मोखाड्याच्या एखाद्या शाळेतही कुणीतरी वाचत असेल. हे शेवटचं तुमच्यासाठी.

सायन्सला जायचं असेल, तर जात वैधतेचा अर्ज अकरावीतच करा. बारावीच्या निकालाची वाट पाहू नका, तेव्हा सगळ्यांचीच झुंबड उडते. प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, पावसात घर गळलं तरी कागद कोरडे राहतील. बँकेचं खातं आधारला जोडलेलं आहे ना, ते आधीच तपासा, नाहीतर मंजूर झालेले पैसेही अडकतात. वसतिगृहाचा अर्ज वेळेत भरा, आणि तिथे जागा मिळाली नाही तर 'स्वयम्'चा अर्ज करायला विसरू नका. तुमच्याआधी तुमच्या तालुक्यातून कोण कॉलेजला गेलंय, ते शोधून काढा आणि त्यांचा नंबर घ्या. एक वर्ष पुढे असलेला ताई-दादा हा माहितीपत्रकापेक्षा चांगला असतो.

पहिले काही आठवडे रडू येईल. येऊ दे. घरची आठवण येणं म्हणजे कच्चेपणा नव्हे. तुमच्या भाषेत फोनवर मोठ्यानं बोला, कुजबुजू नका. कोणी वळून पाहिलं तर पाहू दे.

आणि तुम्ही पुढे गेलात, की मागून येणाऱ्या एकाला तरी फॉर्म भरायला मदत करा. घरातल्या पहिल्या मुलीला विचारायला कुणी नसतं. दुसरीला तुम्ही असाल.

जून आला, की वसई रोडच्या फलाटावर नव्या बॅगा घेतलेली मुलं दिसतील. त्यातली एखादी कामण रोडहून आलेली असेल. ती तुमच्या डब्यात चढली आणि बाकावर थोडी जागा असली, तर तुमचं दप्तर जरा सरकवा.